जलरंगातलं निसर्गचित्र: आधी नदीकाठी बसा, मग जुनी चित्रं बघा

शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली, बरी ग्रेड मिळालेली, आणि मग दहावीच्या धामधुमीत रंगपेटी माळ्यावर गेलेली. चाळिशीच्या आसपास पुन्हा ब्रश हातात घेणारी बरीच मंडळी या वाटेने येतात. आल्याआल्या त्यांना दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक असा की थेट निसर्गात जाऊन बसा, कुणाची नक्कल करू नका, हात बिघडतो. दुसरा सल्ला कुणी तोंडाने देत नाही, मोबाइल देतो: रोज एक व्हिडिओ लावायचा आणि त्याबरहुकूम रंगवायचं. पहिल्या वाटेने गेलेला माणूस काही महिन्यांत वैतागतो, कारण समोरच्या वडाची हजारो पानं कागदावर कशी आवरायची हे वड सांगत नाही. दुसऱ्या वाटेने गेलेल्याची चित्रं सुबक दिसतात, पण त्याला मेणवलीच्या घाटावर नेऊन बसवा, सुरुवात कुठून करायची हेच त्याला सुचत नाही.

माझा अनुभव असा की दोन्ही लागतं, आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा. आधी बाहेर बसायचं आणि अडायचं. मग त्याच जागी अडलेल्या एखाद्या चित्रकाराने काय केलं ते त्याच्या चित्रातून उतरवून बघायचं. आणि परत त्याच जागी जायचं. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे. माध्यम जलरंग, कारण ते पिशवीत मावतं.

साहित्य: थोडंच, पण कागद चांगला

नवशिके पैसे रंगांवर घालवतात आणि कागदावर वाचवतात. नेमकं उलट करा. स्थानिक कंपनीच्या विद्यार्थी दर्जाच्या ट्यूब सुरुवातीला चालतात, पण पातळ ड्रॉइंग पेपरवर जगातला कुठलाच वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाचा सलग थर, नीट बसत नाही. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), शक्यतो पूर्ण कापसाचा कागद घ्या. २२ बाय ३० इंचाच्या एका मोठ्या तावाचे साडेसात बाय अकराचे आठ तुकडे होतात, आणि पहिलं वर्षभर याहून मोठा कागद लागत नाही. हातकागद घेणार असाल तर आधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब वर टिकून राहिला तर कागदाला खळ (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) पुरेशी आहे. लगेच शोषला गेला तर तो कागद पेन्सिलीसाठी ठेवा.

रंग सहा पुरेत: अल्ट्रामरीन ब्लू, थॅलो ब्लू, लेमन येलो, येलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि एखादा गुलाबीकडे झुकणारा लाल. लाल घेताना ट्यूबवर 'ॲलिझरिन क्रिमझन' एवढंच असेल तर जरा थांबा. त्याचा जुना प्रकार उजेडात उडतो. 'पर्मनंट' लिहिलेला घ्या. काळा आणि तयार हिरवा मुद्दाम घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून लांबच्या डोंगराचा निळसर राखाडी निघतो आणि दगडी दीपमाळेच्या सावलीचा जवळपास काळाही निघतो. फक्त पाण्याचं आणि दोन रंगांचं प्रमाण बदलायचं.

ब्रश तीन: १२ नंबरचा राउंड, ६ नंबरचा राउंड, एक इंची फ्लॅट. शिवाय बोर्ड, मास्किंग टेप, दोन पाण्याचे डबे, जुनं सुती फडकं. घडीचं स्टूल हवंच असं नाही.

पहिला महिना: रंगपेटी घरी

हे कुणाला आवडत नाही, तरी सांगतो. पहिला महिना फक्त वही आणि फोरबी पेन्सिल. रोज वीस मिनिटं पुरतात.

सगळ्यात आधी मापं घ्यायला शिका. हात कोपरात न वाकवता पूर्ण ताठ, एक डोळा बंद, पेन्सिलीचं टोक कळसाच्या वरच्या बिंदूवर आणि अंगठा कळसाच्या तळाशी. आता हे माप देवळाच्या रुंदीत किती वेळा बसतं ते मोजा. बहुतेकांना इथेच धक्का बसतो, कारण आपण कळस नेहमी आहे त्याहून मोठा काढतो. जे महत्त्वाचं वाटतं ते डोळा फुगवतो. हात किंचित वाकला तरी माप बदलतं, म्हणून कोपर ताठ.

दुसरा सराव मधल्या रिकाम्या जागांचा. वडाच्या पारंब्या काढू नका, पारंब्यांच्या मधून दिसणाऱ्या आकाशाचे तुकडे काढा. पारंबी कशी असते हे डोक्याला माहीत असल्यामुळे हात डोक्यातली पारंबी काढतो. आकाशाच्या वेड्यावाकड्या तुकड्याबद्दल डोक्याला काहीच माहीत नसतं, मग डोळ्यांना काम करावंच लागतं.

तिसरी गोष्ट डोळ्यांची पातळी. नदीचे घाट यासाठी उत्तम शाळा आहेत: वाई, मेणवली, नाशिकचं पंचवटी, कोल्हापूरची पंचगंगा, जे जवळ असेल ते. पाण्याजवळच्या खालच्या पायरीवर बसा आणि वर बघा. डोळ्यांच्या पातळीखालच्या पायऱ्यांची, जिथे आपण पाय ठेवतो ती, आडवी बाजू दिसते. पातळीच्या वर गेलेल्या पायऱ्यांची फक्त उभी बाजू दिसते. नवशिक्यांच्या घाटात वरपर्यंत सगळ्या पायऱ्या दोन्ही बाजूंनी दिसतात, आणि मग घाट उभा न राहता शिडीसारखा कलंडतो. कागदावर डोळ्यांच्या पातळीची एक फिकी आडवी रेष आधी मारून ठेवा, अर्ध्या चुका तिथेच थांबतात.

जागा आणि वेळ

पठारावर दुपारी बाराच्या उन्हात सावल्या वस्तूंच्या पोटात शिरतात आणि सगळं सपाट दिसतं. सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर बसा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दोन तासांत सावल्या पार फिरलेल्या असतात. म्हणून आल्याआल्या पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आखून घ्या आणि नंतर त्या बदलायच्या नाहीत, समोर काही का दिसेना.

स्वतः सावलीत बसा. कागदावर ऊन पडत असेल तर कागद इतका चमकतो की रंग फिके वाटतात, आपण गडद लावत जातो, आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं. पाठ भिंतीला किंवा पाराला लावून बसलात तर मागून डोकावणारे कमी होतात. तरीही 'काका, हे विकणार का?' असं कुणीतरी विचारणारच. हसायचं आणि ब्रश चालू ठेवायचा. धरणाची भिंत, लष्कराची हद्द असल्या जागा मात्र टाळा. वही जप्त होण्याइतकं ते निसर्गचित्र मोलाचं नसतं.

चौकट ठरवायला पुठ्ठ्यात पोस्टकार्डाच्या प्रमाणात खिडकी कापा आणि तिच्यातून बघा. जे दिसेल त्यातलं निम्मं सोडून द्या. विजेचे खांब, वायर, उभी मोटारसायकल काढायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी ठेवतो, कारण आजचा घाट असाच आहे.

तीन टोन

रंगाला हात लावण्यापूर्वी काडेपेटीएवढी तीन-चार छोटी रेखाटनं करा. त्यांत फक्त तीन टोन: कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. डोळे किलकिले केले की बारकावे विरघळतात आणि हे तीन गठ्ठे आपोआप दिसतात. नाहीच दिसले तर मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा, पण सवय लावून घेऊ नका.

चित्र फसतं ते बहुतेक वेळा इथेच. रंग चुकला तरी टोन बरोबर असेल तर झाड झाडच वाटतं. टोन चुकला तर नेमका हिरवा सापडूनही झाड डोंगराला चिकटलेलं राहतं. आणि हे लक्षात ठेवा की जलरंग वाळल्यावर फिका पडतो. ओला असताना 'बरोबर' वाटणारा टोन वाळल्यावर कमी पडणार, तेव्हा थोडी हिंमत जास्त करा.

पहिले वॉश आणि आपलं हवामान

पुस्तकांतले वॉशचे धडे बहुतेक थंड, दमट देशांतले असतात. एप्रिलमध्ये सोलापूरला किंवा जळगावला आकाशाचा वॉश मध्यापर्यंत पोचायच्या आत वरची कड वाळते आणि रेघ पडते. उपाय असे: कागदाची मागची बाजू ओली करून तो बोर्डवर चिकटवा, पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाका, रंग लागेल त्याच्या दुप्पट कालवून ठेवा आणि सगळ्यात मोठा ब्रश घ्या. वॉश अर्ध्यावर असताना रंग कालवायला थांबलात की खेळ संपला.

पावसाळ्यात तक्रार उलटी. कोकणात जुलैमध्ये पहिला वॉश वाळायची वाट बघत चहाचे दोन कप होतात. पण त्या दिवसांचा एक फायदा कुणी सांगत नाही: ढगाळ आभाळात सावल्या सरकतच नाहीत. ओसरीवर बसून तीन तास एकच चित्र निवांत करता येतं. दमट हवेत कागदाची खळ खराब होते आणि मग वॉशमध्ये ठिपके उमटतात, म्हणून कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करून ठेवा.

पाण्यातल्या प्रतिबिंबाबद्दल एवढंच. प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खाली येतं, तिरपं कधीच नाही. उजळ वस्तूचं प्रतिबिंब तिच्याहून जरा गडद असतं आणि गडद वस्तूचं जरा उजळ.

अडलं ते लिहून ठेवा

आता तुम्ही अडणार. बहुतेक जण पहिल्या पावसानंतरच्या हिरव्यात अडतात. शेत, गवत, झाड, डोंगर सगळं हिरवं, आणि कागदावर पालकाची भाजी. कुणी झाडाच्या पानांत अडतो, कुणी ढगांत, कुणी घाटावरच्या माणसांत. घरी येऊन 'आज जमलं नाही' म्हणून सोडून देऊ नका. चित्राच्या मागे तारीख, वेळ, हवा आणि नेमकं काय अडलं ते एका ओळीत लिहा. इंग्लंडचा चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला केवळ आकाशाच्या अभ्यासांची रांग लावली होती. त्यांतल्या अनेकांच्या मागे तारीख, तास आणि वाऱ्याची दिशा टिपलेली आहे. तो काही हवामानखात्यात नव्हता. कुठल्या वाऱ्यात कुठला ढग कसा दिसतो हे त्याला पुन्हा सापडायला हवं होतं.

मग जुन्या चित्रांकडे

तुमच्या हातात आता एक प्रश्न आहे, आणि त्यामुळे दुसऱ्याचं चित्र बघणंच बदलतं. 'वा, किती सुंदर' यापलीकडे जाऊन 'यानं तीन हिरवे एकमेकांपासून वेगळे कसे ठेवले?' असं बघता येतं.

नकलेला नाक मुरडणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. १७९० च्या दशकात लंडनमध्ये डॉ. थॉमस मन्रो नावाच्या कलाप्रेमी डॉक्टरांच्या घरी संध्याकाळी दोन पोरं जलरंगात प्रती करायला बसत, टॉमस गर्टिन आणि जे. एम. डब्ल्यू. टर्नर. समोर जॉन रॉबर्ट कझन्सची आल्प्स आणि इटलीतली चित्रं असत. गर्टिन रेषा काढी, टर्नर वॉश भरी, आणि टर्नरला रात्रीच्या जेवणाव्यतिरिक्त साडेतीन शिलिंग मिळत. टर्नरने तेव्हा आल्प्स पाहिलेलेही नव्हते. ते त्याने स्वतः पाहिले १८०२ मध्ये. पुढे आल्प्स त्याने कसे रंगवले ते जगाला माहीत आहे, आणि ते कझन्ससारखे मुळीच नाहीत.

प्रत करण्याची माझी पद्धत अशी.

पूर्ण चित्र उतरवू नका. तुमच्या प्रश्नाचा जेवढा भाग आहे, तळहाताएवढा, तेवढाच घ्या, आणि शक्यतो मूळ आकारातच. आधी पेन्सिलीने तीन टोन, दहा मिनिटांत. मग रंगापूर्वी स्वतःला तीन गोष्टी विचारा. कोरा कागद कुठे ठेवला आहे? कुठली कड टोकदार आहे आणि कुठली विरघळलेली? कुठला थर आधी, कुठला नंतर? जलरंगात हे वाचता येतं, कारण रंग पारदर्शक असतो आणि खालचा थर वरच्यातून दिसत राहतो. तैलचित्रात ही सोय तितकी नाही, म्हणून जलरंग शिकणाऱ्याने शक्यतो जलरंगाचीच प्रत करावी.

'कोरा कागद' काय करू शकतो ते बघायचं असेल तर सावळाराम हळदणकर यांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र बघा. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये ते आहे आणि हजारो लोक त्याच्यासमोर थांबतात. मॉडेल त्यांची मुलगी गीता होती. अनेकांना ते तैलचित्र वाटतं, आहे जलरंग. ज्योत ती हाताआड धरते, बोटांतून उजेड झिरपतो, आणि भोवतीचा सगळा अंधार त्या उजेडाच्या सेवेला लावलेला आहे. ही प्रत पूर्ण करायला जाऊ नका, नवशिक्याचं ते काम नाही. फक्त बोटं आणि त्यांच्या मागची ज्योत एवढाच चौकोन घ्या. दहा मिनिटांत कळतं की उजेड रंगवता येत नाही, त्याच्या शेजारचा काळोख रंगवायचा असतो. मग सकाळी नऊचा घाट रंगवताना पांढऱ्या धोतराला पांढरा रंग शोधावा लागत नाही.

दुसरी एक युक्ती व्हिन्सेंट व्हॅन गॉगची. सँ-रेमीच्या इस्पितळात असताना, १८८९ आणि १८९० मध्ये, त्याने मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून एकामागून एक चित्रं केली. समोर असायच्या त्या कृष्णधवल प्रती, रंग त्याचे स्वतःचे. हे आपल्याला फार उपयोगी आहे. एखाद्या निसर्गचित्राचा कृष्णधवल प्रिंट काढा, त्यातली मांडणी आणि टोन घ्या, आणि रंग तुमच्या नदीकाठचे भरा. दोन्ही गुरू एकाच कागदावर येतात.

माणसांत अडणाऱ्यांनी अजिंठ्याला जावं. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती करवल्या. त्या विद्यार्थ्यांत पेस्टनजी बोमनजीही होते. लंडनला पाठवलेल्या प्रतींपैकी अनेक तिथल्या आगीत जळाल्या. ज्या हातांनी त्या केल्या त्या हातांत मात्र काहीतरी उरलंच असणार. आज तिथे रंग नेण्याचा विचार करू नका. अंधूक उजेडात पेन्सिलीने फक्त हात आणि मानेची वळणं टिपा. चार रेषांत उभी राहणारी माणसं घाटावर फार कामाला येतात.

मूळ चित्र आणि पडद्यावरचं चित्र

मोबाइलचा पडदा स्वतःच उजळतो. त्यावर कागदाचा पांढरा दिव्यासारखा दिसतो, आणि चित्र खरं केवढं आहे ते कळतच नाही. तरी घरबसल्या अभ्यासाला न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम, लंडनचं टेट यांच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकारातल्या प्रतिमा मिळतात. विन्स्लो होमर आणि सार्जंट यांचे जलरंग तिथे जवळून बघा. फक्त ते मोठे करून एका ब्रशच्या फटक्यापर्यंत जा, नुसते सरकवत बसू नका.

पण वर्षातून काही वेळा मूळ चित्रापुढे उभं राहायलाच हवं. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश फुकट आहे आणि तिथे सतत काही ना काही टांगलेलं असतं. जवळच नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. सातारा जिल्ह्यात औंधला डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय आहे. ते भवानराव पंतप्रतिनिधींनी उभं केलं आणि ते स्वतः चित्रकार होते. कोल्हापुरात टाउन हॉलचं संग्रहालय आणि अभिनेते चंद्रकांत मांडरे यांच्या निसर्गचित्रांचं संग्रहालय. कोल्हापूरकरांनी आबालाल रहिमान यांची चित्रं तर चुकवूच नयेत. ज्या रंकाळ्याच्या काठी तुम्ही भेळ खाता त्या परिसराकडे त्यांनी कसं पाहिलं, हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन ताडून बघण्याची संधी दुसऱ्या गावाला क्वचित मिळते.

संग्रहालयात पेन्सिल आणि छोटी वही सहसा चालते, रंग नाही. आधी विचारा. चित्राकडे बाजूने, तिरप्या उजेडात बघा. कागदाचा दाणा, खालची पेन्सिल, खरवडून काढलेले पांढरे, सगळं दिसतं.

परत त्याच जागी

प्रत झाली की शक्यतो त्याच आठवड्यात त्या जागी परत जा, आणि तीच वेळ साधा. शिकलेली एकच गोष्ट वापरा. हिरव्यात अडला होतात आणि प्रतीतून कळलं की लांबचा हिरवा जवळजवळ निळा-राखाडी आहे, तर आज फक्त तेवढंच करा: लांबच्या हिरव्यात अल्ट्रामरीन आणि किंचित सिएना, मधल्यात ऑकर, जवळच्या भातखाचरात लेमन आणि थॅलो.

इथे एक धोका आहे. दुसऱ्याच्या चित्रातून त्याची हवाही आपल्या चित्रात येते. टर्नरचं धुकं मार्चमधल्या सोलापूरला नाही. आपलं उन्हाळी आकाश क्षितिजाजवळ धुळकट पिवळसर असतं. मालवणकडे जांभ्याच्या भिंतीखालची सावली निळी नसते, लाल मातीवरून उसळलेला उजेड तिला तापवतो. प्रतीतून घ्यायची ती रीत. रंग समोरचाच. दोन्हींत भांडण लागलं तर समोरच्याचं ऐका.

रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवसाची जागा आठवणीतून काढा, दहा मिनिटं. शाळेतल्या स्मरणचित्राच्या पेपरची ही मोठ्यांची आवृत्ती. जिथे पेन्सिल थांबेल ते तुम्ही नीट पाहिलेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिथेच बघायचं.

प्रतींचं काय करायचं

प्रतीच्या मागे 'अमुक यांच्या चित्रावरून' असं आणि तारीख लिहा. पुढे नुसती आपली सही करून ती भिंतीवर लावू नका. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या चित्रांचे हक्क राहतात. चित्रकार म. वि. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांची चित्रं आता मोकळी आहेत. हयात चित्रकारांच्या चित्रावरून केलेला अभ्यास घरच्या वहीतच ठेवा, तो विकू नका आणि प्रदर्शनात पाठवू नका. त्यांची प्रात्यक्षिकं शहरोशहरी होतात, तिथे पुढच्या रांगेत बसा आणि चित्रापेक्षा त्यांच्या पाण्याच्या डब्याकडे जास्त लक्ष द्या. ब्रश किती वेळा धुतला, किती वेळा फडक्याला टिपला आणि किती वेळा तसाच रंगात बुडवला, हे तिथेच बघायला मिळतं.